प्राणी असे का वागतात? सुचलेले कारण तपासून पाहण्याची रीत

खार शेंगदाणा उचलून लगेच का पळते? कावळे संध्याकाळी एकाच झाडावर का जमतात? गल्लीतला कुत्रा ठरावीक माणसावरच का भुंकतो? अशा प्रश्नांची उत्तरे आपल्याकडे प्रत्येकाजवळ तयार असतात. उत्तर सुचणे हा अवघड भाग नाहीच. सुचलेले उत्तर चुकीचे असेल तर ते आपल्याला कळणार कसे, हा खरा प्रश्न आहे आणि हा लेख त्याविषयी आहे. यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. वही, पेन्सिल, घड्याळ आणि चिकाटी एवढ्यावर बरेच काम होते. विज्ञान शाखेचे शिक्षण असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही.

माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे: एकट्यादुकट्या गृहीतकाची, म्हणजे तात्पुरत्या मानलेल्या उत्तराची, परीक्षा घेता येत नाही. त्याच्या शेजारी तितकेच शक्य वाटणारे दुसरे उत्तर उभे करा आणि दोन्ही उत्तरांची भाकिते कुठे वेगळी पडतात ते शोधा. प्रयोग त्या जागीच करायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कामासाठी आहेत.

पहिली पायरी: आधी नुसते पाहा

प्रयोगाची घाई करू नका. सालिम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या वसाहतीसमोर आडोसा करून निरीक्षणे केली. नर अर्धवट घरटे बांधून थांबतो, माद्या येऊन घरटी पारखतात, एखादीने घरटे पसंत केले की नर ते पुरे करतो आणि पुन्हा दुसरे घरटे बांधायला घेतो, हा सगळा क्रम त्यांना तिथे बसून उलगडला. त्यांचा लेख 1931 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुठलेही यंत्र नव्हते, होती ती नीट लिहिलेली रोजची टिपणे.

टिपण लिहिताना कृती लिहा, हेतू लिहू नका. ‘कुत्री पिल्लावर रागावली’ हा तुमचा निष्कर्ष आहे. ‘कुत्रीने पिल्लाचे तोंड जबड्यात धरले, पिल्लू उताणे पडले, तिने सोडले’ हे निरीक्षण आहे. पहिले वाक्य लिहिलेत की पुढचा सगळा विचार रागाच्या दिशेने जातो आणि मागे फिरणे कठीण होते. सोबत वेळ, ऊन-सावली, आसपास कोण होते तेही टिपा. थोड्या दिवसांनी प्राण्याच्या कृतींची एक यादी तयार करा आणि प्रत्येक कृतीची व्याख्या अशी लिहा की दुसरा माणूस ती वाचून तीच कृती ओळखू शकेल.

दुसरी पायरी: कोणता ‘का’ विचारताय ते ठरवा

निको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञाने 1963 च्या एका लेखात प्राण्यांच्या वर्तनाबद्दलचे चार प्रश्न वेगळे करून दाखवले. पुढे 1973 मध्ये कॉनराड लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळाले. हे चार प्रश्न नवख्याने पाठच करावेत असे माझे मत आहे, कारण यातली गल्लत सगळ्यात जास्त वेळ खाते.

कोकीळ घ्या. कुहू-कुहू करणारा नर असतो. तो उन्हाळ्यात का गातो? एक उत्तर शरीराच्या आतले असेल: दिवस मोठा होऊ लागल्यावर संप्रेरके (हार्मोन्स) बदलतात आणि गाणे सुरू होते. दुसरा प्रश्न वाढीचा: हे पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढते, जन्मापासून कावकाव ऐकते, तरी मोठे होऊन कुहू करते. मग हे गाणे उपजत की नंतर ऐकून आलेले? तिसरा प्रश्न उपयोगाचा: मादीला बोलावण्यासाठी, की दुसऱ्या नराला दूर ठेवण्यासाठी? चौथा वंशाचा: कोकिळेच्या नातेवाइकांत असे गाणे कोणाकोणाकडे आहे, ते केव्हा उद्भवले?

‘संप्रेरकांमुळे गातो’ आणि ‘मादीसाठी गातो’ ही दोन उत्तरे एकमेकांची विरोधक नाहीत. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. त्यामुळे त्यांच्यात लढत लावून काहीच मिळत नाही. प्रतिस्पर्धी गृहीतके एकाच प्रश्नाची हवीत. ‘मादीसाठी’ विरुद्ध ‘दुसऱ्या नरासाठी’ ही खरी लढत.

तिसरी पायरी: प्रतिस्पर्धी उभे करा

टिनबर्गन यांचेच एक काम इथे सविस्तर पाहू. काळ्या डोक्याचा कुरव हा पाणपक्षी हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावरही येतो. इंग्लंडमध्ये रेव्हनग्लास इथल्या वाळूच्या टेकड्यांवर त्यांची मोठी वसाहत होती. पिल्लू अंड्यातून बाहेर आले की आईबापांपैकी कोणीतरी रिकामे कवच चोचीत धरते, उडत जाते आणि दूर टाकून येते. काम थोड्या वेळाचे असले, तरी तेवढा वेळ पिल्लू उघड्यावर असते. मग हा धोका का पत्करायचा?

शक्य उत्तरे बरीच आहेत. कवचाची धार पिल्लाला लागत असेल. रिकामे कवच अजून न फुटलेल्या अंड्यावर चढून आतले पिल्लू अडकत असेल. कवचाला चिकटलेल्या ओलाव्यात जंतू वाढत असतील. किंवा, अंडे बाहेरून मातकट ठिपक्यांचे असते पण कवच आतून पांढरे, त्यामुळे ते कावळ्यांना लांबून दिसत असेल. यातले प्रत्येक उत्तर ऐकताना पटते आणि तिथेच धोका आहे. पटणे हा पुरावा नव्हे.

आता तुलना. किटिवेक हा कुरवाचाच भाईबंद, पण तो समुद्रकाठच्या सरळ उभ्या कड्यांवर घरटी करतो, तिथे शिकारी सहसा पोचत नाहीत. किटिवेक कवच उचलून टाकत नाही. धार किंवा जंतू हे मुख्य कारण असते, तर त्यालाही ते टाकावे लागले असते. म्हणजे पहिल्या तीन उत्तरांना धक्का बसला. पण एवढ्यावर थांबता येत नाही, कारण किटिवेक इतर अनेक बाबतींतही वेगळा आहे.

म्हणून प्रयोग. कुरवाची अंडी मोकळ्यावर ठेवली आणि प्रत्येकाजवळ फुटके कवच ठेवले: काहींपासून 15 सेंटिमीटरवर, काहींपासून 100, काहींपासून 200. प्रत्येक अंतरासाठी 150 अंडी. मग कावळे आणि मोठे कुरव काय नेतात ते मोजले. 15 सेंटिमीटरला 63 अंडी गेली, 100 ला 48, 200 ला 32. अंतराने काहीच फरक पडत नसता, तर एकूण 143 अंडी तिन्हींत साधारण सारखी, म्हणजे 48 च्या आसपास वाटली गेली असती. प्रत्यक्षात कवच जितके जवळ तितका घात जास्त.

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, हा निकाल उलटाही लागू शकला असता. तिन्ही आकडे सारखे आले असते, तर ‘पांढरे कवच दिसते’ हे उत्तर पडले असते. हरण्याची खरी शक्यता नसलेला प्रयोग करू नका. दुसरी, हे उत्तर उपयोगाच्या प्रश्नाचे आहे. नेमके काय पाहून कुरव कवच उचलतो हा वेगळा ‘का’ आहे आणि त्यासाठी त्याच गटाने घरट्यांत निरनिराळ्या रंगांच्या, आकारांच्या वस्तू ठेवून कोणत्या उचलल्या जातात ते वेगळे तपासले.

एक खाचही आहे. कवच इतके धोक्याचे, तर पिल्लू बाहेर पडताच ते का उचलत नाहीत? पक्षी बराच वेळ थांबतो. कारण ओल्या पिल्लाला शेजारचे कुरवच गिळतात. पिल्लू सुकून फुगीर झाले की ते इतक्या सहज गिळता येत नाही. न जुळणारी गोष्ट अशी टिपून ठेवली की पुढचा प्रश्न आपोआप हाती येतो.

चौथी पायरी: भाकीत आधी लिहा, दिशेसकट

‘फरक पडेल’ हे भाकीत नव्हे. कोणत्या बाजूला फरक पडेल ते लिहा. ट्युनिशियाच्या वाळवंटात राहणारी कॅटाग्लिफिस मुंगी अन्न सापडल्यावर सरळ रेषेत घराकडे धावते. तिला अंतर कसे कळते? ती पावले मोजत असेल, असे एक गृहीतक होते. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मुंग्यांना 10 मीटरवरच्या अन्नापाशी पकडले, काहींच्या पायांना डुकराचे केस चिकटवून पाय लांब केले, काहींचे पाय आखूड केले, आणि सोडले. पावले मोजत असेल तर लांब पायांची मुंगी घर ओलांडून पुढे जाईल आणि आखूड पायांची अलीकडेच थांबून घर शोधू लागेल. तसेच झाले.

पण एखादा म्हणेल, पायांना इजा झाल्यामुळे त्या गडबडल्या असतील. म्हणून त्याच मुंग्या बदललेल्या पायांनीच घरातून अन्नापर्यंत गेल्या आणि परत आल्या, तेव्हाचे अंतर पाहिले. या वेळी ते बरोबर आले, कारण जाता-येता पाऊल सारखेच होते. इजेचे गृहीतक यात टिकत नाही. मला हा दुसरा टप्पा पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो.

भाकीत वहीत तारखेसह लिहा आणि मगच मोजायला बसा. आकडे आल्यावर सुचलेले भाकीत हे नवे गृहीतक असते, त्याला नवा प्रयोग लागतो.

पाचवी पायरी: रचना, स्वयंपाकघरातल्या मुंग्यांवर

आता स्वतः करून पाहा. ओट्याच्या कडेने काळ्या मुंग्यांची रांग साखरेकडे जाते. वाट कशी कळते? पहिले गृहीतक: जमिनीवर गंधाची रेघ असते. दुसरे: आसपासच्या खुणा आणि उजेड लक्षात ठेवून त्या जातात.

जाड पुठ्ठ्याचा ताटाएवढा चौकोनी तुकडा वाटेत ठेवा, पलीकडे साखरेच्या पाण्याचा थेंब ठेवा, आणि रांग पुठ्ठ्यावरून नीट वाहू लागेपर्यंत थांबा. मुंग्या ज्या रेषेवरून चालतात, तिच्यालगत हलक्या हाताने पेन्सिलीच्या खुणा करा.

बहुतेकांना पहिला प्रयोग सुचतो तो असा: जुना पुठ्ठा काढून कोरा ठेवायचा. मुंग्या काठाशी अडखळतात, परत फिरतात. झाले, गंध सिद्ध! पण कोऱ्या पुठ्ठ्यात एक नव्हे, तीन गोष्टी बदलल्या. गंधाची रेघ गेली, नवी अनोळखी वस्तू आली आणि उचलण्या-ठेवण्याचा धक्काही बसला. धक्क्यासाठी उपाय सोपा आहे: काही वेळा तोच पुठ्ठा तसाच उचलून, तितकाच वेळ हातात धरून, परत तिथेच ठेवा. हा तुमचा नियंत्रण प्रयोग. नवेपणाचा प्रश्न मात्र तरीही उरतो.

त्यापेक्षा पुठ्ठा तोच ठेवा आणि फिरवा. मुंग्या जिथून पुठ्ठ्यावर चढतात तो बिंदू जागच्या जागी धरा आणि पलीकडची बाजू हातभर नव्हे, पण चांगली चार बोटे बाजूला सरकवा. आता पेन्सिलीची रेषा एकीकडे जाते आणि साखरेची जुनी दिशा दुसरीकडे. गंध असेल तर मुंग्या रेषेबरोबर वळतील आणि पुठ्ठ्याच्या टोकाला जाऊन घोटाळतील. खुणा आणि उजेड असेल तर रेषा सोडून सरळ जुन्या दिशेने जातील. इथे दोन्ही गृहीतकांची भाकिते तुमच्या डोळ्यांसमोर फाटे फोडून उभी राहतात. पुठ्ठ्यावर येणाऱ्या पहिल्या 20 मुंग्यांपैकी किती रेषेने गेल्या आणि किती सरळ, तेवढे मोजा. पुठ्ठा सरकवताना त्यावर असलेल्या मुंग्या मोजू नका. तुमची सावली दोन्ही वेळी सारखी पडेल असे उभे राहा.

आणि काढून पाहण्याइतकेच घालून पाहणेही महत्त्वाचे. मुंग्यांचे अभ्यासक एडवर्ड विल्सन यांनी फायर अँट जातीच्या मुंगीच्या शरीरातल्या ड्यूफोर नावाच्या ग्रंथीचा अंश घेऊन त्याची रेघ ओढली, तेव्हा मुंग्या त्या रेघेमागे निघाल्या. हे काम 1959 मध्ये प्रसिद्ध झाले. रेघ काढल्यावर वाट चुकते आणि रेघ ओढल्यावर वाट तयार होते, अशा दोन्ही बाजू दिसल्या की कारण पक्के होत जाते.

सहावी पायरी: किती वेळा मोजायचे

एका रांगेतल्या 200 मुंग्या म्हणजे 200 पुरावे नव्हेत. त्या एकाच वारुळाच्या, एकाच वाटेवरच्या, एकमेकींच्या मागे चालणाऱ्या आहेत. तुमच्याकडे पुरावा एकच आहे. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये या चुकीवर नेमके बोट ठेवले, तरीही ती आजपर्यंत सर्रास होते. वेगवेगळ्या घरांतल्या, वेगवेगळ्या वारुळांच्या रांगा घ्या. शेजारी, नातेवाईक, शाळेतली मुले यांना सामील करा. कोणत्या रांगेवर आधी पुठ्ठा फिरवायचा आणि कोणत्या रांगेवर आधी नुसता उचलून ठेवायचा, ते नाणे उडवून ठरवा, मनाने नको.

संख्याशास्त्राची भीती असेल तर चिठ्ठ्यांनी काम होते. समजा निम्म्या वारुळांवर पुठ्ठा फिरवला आणि निम्म्यांवर नुसता उचलून ठेवला. प्रत्येक वारुळाचा आकडा एका चिठ्ठीवर लिहा. दोन्ही गटांच्या चिठ्ठ्या एकत्र मिसळा, डोळे मिटून पुन्हा दोन ढीग करा आणि सरासरीतला फरक काढा. हेच पुष्कळ वेळा करा, स्प्रेडशीट येत असेल तर तिच्यावर हजार वेळा. निव्वळ योगायोगाने तुमच्याइतका मोठा फरक किती वेळा येतो, ते दिसेल. शंभरात तीसदा येत असेल तर तुमच्या फरकावर विसंबू नका.

सातवी पायरी: मोजणाऱ्याला उत्तर माहीत नको

बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा होता. गणिताचे उत्तर तो खूर आपटून देत असे आणि भलेभले थक्क होत. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी दोन साध्या गोष्टी केल्या, त्यांचे हे काम 1907 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल असे पाहिले आणि विचारणारा घोड्याला दिसणार नाही असेही पाहिले. दोन्ही वेळा हान्सची उत्तरे चुकू लागली. योग्य आकडा आला की माणसाच्या डोक्याची, अंगाची अगदी बारीक हालचाल होत असे, घोडा ती टिपत असे. फॉन ऑस्टेन यात फसवणूक करत नव्हते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चांगल्या हेतूने वागणाऱ्या माणसाकडूनही इशारा जातो.

म्हणून मुंग्यांचा व्हिडिओ काढा आणि मोजायला अशा माणसाला द्या, ज्याला गृहीतक ठाऊक नाही.

आठवी पायरी: निकालातून किती बोलायचे

वेडा राघू (पोपट नव्हे, किडे खाणारा छोटा हिरवा पक्षी) मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. चोचीत किडा धरून तो तारेवर बसतो आणि माणूस जवळ असेल तर बिळात जायचे टाळतो. पुण्यातल्या मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर केलेले काम 2002 मध्ये ‘अ‍ॅनिमल कॉग्निशन’ या नियतकालिकात आले. साधे गृहीतक म्हणजे, माणूस जितका जवळ तितकी भीती. प्रतिस्पर्धी म्हणजे, माणसाला तिथून बीळ दिसते की नाही यावरून राघू ठरवतो. त्यांनी माणूस बिळापासून जवळपास सारख्याच अंतरावर उभा केला, एकदा बीळ दिसेल अशा जागी, एकदा दिसणार नाही अशा जागी. बीळ दिसत असताना राघू आत जाण्याचे प्रमाण लक्षणीय कमी झाले. म्हणजे नुसते अंतर पुरत नाही.

यावरून ‘राघूला माणसाच्या मनातले कळते’ असे म्हणायचे का? मी म्हणणार नाही. बिळाच्या तोंडाशी असताना तो माणूस आपल्याला दिसतो का, एवढेच राघू लक्षात ठेवत असेल, तरीही निकाल हाच येईल. प्राण्यांच्या मानसशास्त्राचे अभ्यासक लॉइड मॉर्गन यांनी 1894 मध्ये सांगून ठेवले आहे की साध्या मानसिक क्षमतेने वर्तनाचा उलगडा होत असेल, तर वरच्या क्षमतेचा आधार घेऊ नये. पण साधे स्पष्टीकरण हेही गृहीतकच असते, त्यालाही स्वतःचे भाकीत आणि स्वतःचा प्रयोग लागतो. साधे आहे म्हणून ते फुकटात जिंकत नाही.

अहवालात ‘सिद्ध झाले’ असे लिहू नका. कोणते उत्तर पडले, कोणते उरले आणि उरलेल्यांपैकी कोणाकोणाला वेगळे करणे अजून जमले नाही, ते लिहा. काहीच फरक न आढळलेला प्रयोगही लिहा. तो दडवला तर दुसरा कोणीतरी तेच पुन्हा करील.

काय करायचे नाही

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. घरट्यांना, अंड्यांना, पिल्लांना हात लावू नका. टिनबर्गन यांच्यासारखी अंडी मांडायची परवानगीशिवाय सोय नाही. विणीच्या काळात मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका, नर घरटे सोडून आवाजामागे धावतो. राघूच्या बिळापाशीही तुमचे उभे राहणे म्हणजे पिल्लांचे जेवण लांबवणे. वेळेची मर्यादा आधी ठरवा आणि पाळा.

पहिला विषय कोणता घ्यावा

माझी शिफारस गायबगळ्याची. ज्या गावात गुरे चरतात तिथे तो असतोच, लांबून दिसतो आणि त्याला हातही लावावा लागत नाही. तो गुरांच्या पायाशी का चालतो? गुरांच्या चालण्याने गवतातले किडे उडतात म्हणून, गुरांच्या अंगावरच्या गोचिडांसाठी, की चरलेल्या आखूड गवतात भक्ष्य सहज दिसते म्हणून? किडे उडत असतील तर चालत्या गाईजवळ मिनिटाला टिपलेले भक्ष्य जास्त आणि बसलेल्या गाईजवळ कमी हवे. गोचिडे असतील तर चोच गवताऐवजी गाईच्या अंगावर पडायला हवी, आणि बसलेली गाय जास्त सोयीची. आखूड गवत असेल तर गाय निघून गेल्यावरही बगळा त्याच जागी तितकेच टिपत राहायला हवा. एका बगळ्याकडे एक मिनिट पाहा, पावले मोजा, टिपलेले भक्ष्य मोजा, मग दुसऱ्या बगळ्याकडे वळा. जास्तीत जास्त वेगवेगळे कळप घ्या, आणि वहीच्या पहिल्या पानावर ही तिन्ही भाकिते आधी लिहून मगच माळावर जा.